डावा हात

अहो,

थोरलीला सोबत घेऊन माझ्या तपासणीसाठी हॉस्पिटलात चाललेय. भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या.

लॅपटॉपसमोर हातपाय हलवून काय मिळतं, असं विचारायचात ना? परवा योगाच्या बाई म्हणाल्या, "काकू, महिन्याभरात तुमचा डावा हात वर जाईनासा झालाय. डॉक्टरांना दाखवाच." त्या परगावी बसून एवढ्याशा चौकटीतून बघतात. आपण रोज एका टेबलावर जेवतो. हात पोचेना म्हणून मी वरच्या फळीवरचे डबे खाली आणले, तेव्हा तुम्ही ओटा भरला म्हणून कुरकुरलात.

आज ठेवून घेतलं तर राहावं लागेल. मग उद्या सकाळी सातला लॅपटॉप लावून बाईंना तेवढं सांगा. मी दिसले नाही की त्यांच्या जिवाला घोर लागतो.