उसनं मत

मिस्टर प्रिचर्ड यांस,

माझ्याच दारात, माझ्याच चहाचा मग हातात धरून तुम्ही म्हणाला होतात, "मिसेस अ‍ॅश्टन, तुमचा मजूर पक्ष इथे कायम तिसरा. हुजूर पक्षवाल्यांना पाडायचं असेल तर या खेपेला मत मला उसनं द्या." जन्मात पहिल्यांदा मन मारून मी मतपत्रिकेवर दुसऱ्या पक्षापुढे फुली मारून मत दिलं. तुम्ही निवडून आलात.

माझ्या नवऱ्याला, क्लिफर्डला, स्मृतिभ्रंश आहे. तो दिवसभर ज्या केंद्रात जायचा, ते बंद करायला तुम्हीच पाठिंबा दिलात. जाब विचारायला आले तर म्हणालात, "लोकांनी मला याच धोरणासाठी निवडलंय." कुठल्या लोकांनी हो? मी वाटीभर साखर उसनी दिली होती, अख्खं स्वयंपाकघर नाही.

क्लिफर्ड अजून रोज सकाळी कोट घालून केंद्राच्या गाडीची वाट बघत खिडकीत बसतो. मी सांगते, आज सुट्टी आहे.

काल तुमचं नवं पत्रक आलं. तोच हसरा फोटो, खाली तेच वाक्य: 'इथे हुजूर पक्षाला फक्त आम्हीच रोखू शकतो.' खोटं नाही ते. म्हणून मी पुन्हा तुम्हालाच मत देणार, आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे. मग हे पत्र टपालात टाकून उपयोग काय?

तुमची हक्काची मतदार,
डोरीन अ‍ॅश्टन