बाबा टाक्यात बसले आहेत

नागपूर, मे १९८२

शोभाताई,

मधुसूदनचा जयभीम. उमरेडला सगळे बरे असाल, भाऊजींचा खोकला कमी झाला असेल, असं धरून चालतो. इकडे अंजना ठीक, मी ठीक, बाबा पाण्याच्या टाक्यात आहेत. (घाबरू नकोस, टाक्यात पाणी नाही. बाबा आत असल्यामुळे भरताच येत नाही.)

झालं असं. माय गेल्यापासून बाबा घराबाहेर पडत नव्हते, म्हणून मीच त्यांना धंतोलीत एक जुना परदेशी सिनेमा दाखवायला नेलं. विज्ञानाचा आहे, असं तिकीटवाला म्हणाला, मला वाटलं रॉकेट उडेल. निघालं भलतंच. एक शास्त्रज्ञ माणसाच्या मनाचा तळ शोधायला स्वतःला लोखंडी पिंपात बंद करून तळ्यात सोडून घेतो. आत अंधार, आवाज नाही. पडद्यावरही बराच वेळ अंधारच. (झोळीवाले विद्वान प्रेक्षक माना हलवत होते. मी घोरलो, असं बाबा सांगतात.) त्या शांततेत शास्त्रज्ञाला विसरलेली माणसं बोलताना ऐकू येतात. शेवट कोणालाच समजला नाही. बाबांना समजला, तेच वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना पाणी भरायला गेली, तर अंगणातल्या रिकाम्या टाक्यात बाबा मांडी घालून बसलेले, वरून झाकण ओढलेलं. मी विचारलं, "काय करून राहिले, बाबा?" आतून उत्तर आलं, "चूप बैस गा. ऐकून राहिलो."

शेजारच्या महादेवरावांनी टाक्यात तोंड घालून इतक्या मोठ्यानं समजूत घातली, की बाबांनी कान झाकून घेतले. (आता पाणी त्यांच्याकडूनच आणतो. प्रत्येक बादलीसोबत सल्ला मिळतो.) मग कसंबसं बाबांना मनाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, "नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात का?" बाबा म्हणाले, "नाही येत ना, डॉक्टरसाहेब. तेच तं दुखणं हाय." डॉक्टरांनी आवाज बंद व्हायच्या गोळ्या दिल्या. घरी येताच बाबा पुन्हा आत.

काल त्यांना ओढून काढायला मीच उतरलो आणि असा अडकलो, की मलाच निघता येईना. गुडघ्याला गुडघा लावून दोघं बसलो. बाबा हळूच म्हणाले, "मिलमध्ये जिंदगीभर मागांचा खडखडाट ऐकला गा. घरी आलो का कान सुन्न. तुही माय बोलत राहे, मी नुसतं हो हो करो. तिचं तोंड दिसते मले, आवाज नाही आठवत. वाटलं, इथं सापडन." मीही कान देऊन बसलो. बाहेर अंजनाच्या बादलीची कडी वाजली, तेवढंच.

मला शेवटी अंजनानं ओढून काढलं, बाबा आतच आहेत. ताट आत देतो, तसंच परत येतं. बाकी सर्व क्षेम.

तुझा भाऊ,
मधुसूदन

ता. क. येताना आंब्याचं लोणचं आण, असं अंजना म्हणते.

आणखी ता. क. लोणचं राहू दे, पण तू ये. मायच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भन्तेजींची वंदना झाल्यावर, तू अंगणातून "जेवाले चला" म्हणालीस आणि मी दचकून उभा राहिलो, तेव्हा तू माझ्यावर चिडली होतीस. ताई, तुझा आवाज मायचाच आहे. टाक्याशी बसून तेवढंच एकदा म्हण. फसवायचं नाही, शोभा आली आहे हे मी बाबांना आधी सांगीन. पण त्यांनी तो आवाज ओळखलाच नाही तर काय करायचं, ते मला सुचत नाही.