झिपरू पत्र्यावर काय विकतो?

मी, धुरपदाबाई रुपचंद भारंबे, वय अदमासे ब्याऐंशी, राहणार फैजपूर, तालुका यावल, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा कोणी लाडू चारले म्हणून नव्हे, तर राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझा मुलगा प्रेमराज याला त्याबद्दल बरीच वर्षे शंका होती. त्याने तो दाखला चौकटीत लावावा.

१. राहते घर सून रत्ना हिला. तिने तीस वर्षे माझे टोमणे ऐकले आणि वेळेवर परतही केले.

२. यजमान कै. रुपचंद यांची हत्यारांची पेटी आणि गॅस मोजायचे घड्याळ नात रिद्धी हिला. ती आयटीआयत एसीचे काम शिकली आहे. प्रेमराजने पेटीला हात लावू नये. त्याने नेलेला पाना घरी परत आल्याचे मला आठवत नाही.

३. यजमानांनी कूलर दुरुस्तीपासून वाढवलेले दुकान माझ्या नावावर आहे. आता आपली माणसे एसी बसवतात, केळी पिकवायच्या थंड खोल्यांची यंत्रे लावतात. हे दुकान प्रेमराज व रिद्धी यांना निम्मे-निम्मे, पण एका अटीवर. अट कशी आली ते लिहा, वकीलबाई.

तीन वर्षांपूर्वी कामगारांच्या विम्याचा कागद माझ्या अंगठ्यासाठी आला. मला अक्षर येत नाही, म्हणून पूर्ण कागद मोठ्याने वाचल्याशिवाय मी अंगठा देत नाही. एजंटाने वाचले: कामगार सहा, काम दुकानात बसून विक्री. आमचा कामगार झिपरू तेव्हा सावद्याला यंत्र बसवत होता. मी विचारले, "झिपरू सावद्याला पत्र्यावर चढून काय विकतो?"

एजंट प्रेमराजकडे बघू लागला, प्रेमराज पंख्याकडे. मग म्हणाला, "आई, खरं लिहिलं तर हप्ता दुपटीच्या वर जातो. सगळेच असं लिहितात."

मी हात पदराखाली घेतला तो संध्याकाळपर्यंत बाहेर काढला नाही. शेवटी लिहिले गेले: उंचीवर चढणे, गॅस भरणे, वेल्डिंग. उन्हाळ्यापुरत्या ठेवलेल्या दोघांचीही नावे घातली. प्रेमराज आठ दिवस बोलला नाही. घर शांत होते, बरे वाटले.

त्याच वर्षी वैशाखात सावद्याला सिमेंटचा पत्रा फुटला आणि झिपरू खाली आला. मांडीचे हाड, दोन मणके. जळगावच्या दवाखान्यात त्याने विचारले, "अक्का, मना पाय शे ना?" मी म्हटले, "शे. पाय आहे, आणि तुझं घरबी चालेल."

विम्याचा तपासनीस आला. हा माणूस वर काय करत होता, एवढेच तो खोदून विचारी. प्रेमराजने कागद पुढे केला. "तेच, जे इथं लिहिलंय," म्हणाला. पहिला कागद असता तर विमा नाकारला जाऊन झिपरूचे घर आणि आमचे दुकान एकदमच बसले असते, हे त्याला तपासनिसासमोरच्या खुर्चीत कळले. झिपरूची भरपाई मंजूर झाली. मंजुरीचा कागद घेऊन जळगावहून परतताना प्रेमराजने विचारले, "आई, भूक लागली का?" माफी मागायची असली की तो हेच विचारतो. मी शेवभाजी दोनदा मागवली.

तर अट अशी: दरवर्षी तो विम्याचा कागद सर्व कामगारांसमोर मोठ्याने वाचावा आणि प्रत्येकाने आपले काम ऐकून हो म्हणावे, मगच सही. एकाने खोटे लिहिले तर त्याचा हिस्सा दुसऱ्याला. दोघांनी मिळून लिहिले तर दुकान कामगारांचे.

४. जाऊबाई भागाबाई भर पंगतीत म्हणाल्या होत्या की अंगठ्यावर कुठे धंदा चालतो का. त्यांना माझा शाईचा पॅड. अजून ओला आहे.

५. झिपरूला मी काहीही ठेवत नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला वाटेकरी करू नये असे वकीलबाई सांगतात. शिवाय त्याचे त्याला हक्काने मिळाले आहे. त्याला माझे उपकार लागले नाहीत, याचा मला सगळ्यात जास्त तोरा आहे.

हा लेख मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवभाजीची ओळ वकीलबाईंनी गाळली होती, ती मी पकडून घालायला लावली. साक्षीसाठी झिपरू वरच्या मजल्यावर जिना चढून स्वतःच्या पायांनी आला. मगच अंगठा दिला.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: धुरपदाबाई रुपचंद भारंबे

साक्षीदार:
१. झिपरू दगा मोरे, मूळ राहणार शिरपूर, जि. धुळे (सही)
२. डॉ. अभयकुमार छाजेड, फैजपूर (सही)

लिहिणार: अ‍ॅड. सुलक्षणा बोंडे
ठिकाण: फैजपूर
दिनांक: १४ मे २०२५