आठ आण्यात शिरपूर

१२ सप्टेंबर १९७४, गुरुवार
टेम्पोवाल्या रशीदनं आज बारा आणे लावले. मालेगाव ते शिरपूर बारा आणे! कालपर्यंत दोघंही रुपया घेत होतो. शिरपूरचा माणूस, टेम्पो नवा, त्याची मस्ती. मंग मीही जीपच्या बंपरवर चढून बोंब मारली, "आठ आणे! शिरपूर आठ आणे!" त्याच्या टेम्पोतले सहा जण उतरले अन् माह्या जीपमंदी येऊन बसले. काय मजा आली, बापा!
घरी सांगतलं त कुसुम म्हणे, "अन् पेट्रोल काय रशीद टाकून देनार हाय?" बायकोले कौतुक म्हणून नाही.

१४ सप्टें.
आठ आण्यात भागत नाही. पेट्रोल चढलंय किती! मंग डोकं चालवलं. भाडं आठ आणेच, पण गठुड्याचे वेगळे, पुढच्या सीटचे वेगळे. लोक काही कमी नाहीत. एक जण गठुडं मांडीवर घेऊन म्हणे, "हे सामान नाही, पोट्टं हाय समज." दुसरा म्हणे, "पुढे बसतो, पन एक पाय बाहेर ठेवतो, अर्धेच घे." लुच्चे! दिवसभर हसू आलं, पण गल्ला काही वाढला नाही.

१६ सप्टें.
ज्या शेठच्या ट्रकवर आधी होतो, त्याचा निरोप आला. ड्रायव्हर पाहिजे, कलकत्ता लाईन. दसऱ्यापर्यंत सांग म्हणे.
जीप चालली नाही त जाणं आलंच. ट्रकवर होतो तवा महिन्या-महिन्यानं घरी यायचो. आमची बेबी रांगली ते मले कुसुमनं सांगतलं. चालली तेही कुसुमनंच सांगतलं. आता पुरे. देवा, आता नाही जायचं मले.

२० सप्टें.
जैनांचं पर्व सुरू झालं. अकोल्याच्या गाडीनं यात्री येऊन राह्यले, सगळ्यांले शिरपूरच्या मंदिरात जायचं. रोजेही चालूच आहेत. रशीद संध्याकाळी पाच वाजले की टेम्पो काढतो, भरला त भरला, नाही त नाही. घरी जाऊन रोजा सोडायचा असतो त्याले. आज चारच माणसं, आमच्या भाषेत चार सीटा, घेऊन गेला. मी मनात म्हटलं, ने बेटा, रिकामा ने. मागं राहतील त्या सगळ्या माह्या.
माह्या जीपचा कायदा एकच. भरल्याशिवाय हलत नाही. आठ आण्यात दुसरं जमतच नाही.

२२ सप्टें., रविवार
लिहू की नको.
पाचच्या आधी कारंज्याची एक म्हातारी अन् तिच्या दोन सुना जीपमंदी बसल्या. रशीद ओरडत होता, "माय, चला, मी निघून राह्यलो." पण मी आठ आणेवाला, म्हणून माह्याकडे बसल्या. मले दोन सीटा कमी. थांबलो. एक आली. आणखी थांबलो. म्हातारी एकदाच म्हणाली, "भाऊ, उशीर नको करू." मी म्हटलं, "हे निघालोच, माय." अन् पुन्हा "शिरपूर, शिरपूर" करत फिरलो.
अर्ध्या रस्त्यात दिवस मावळला. मागून सून हळूच म्हणाली, "आता राहू द्या, आत्याबाई." तवा डोक्यात उजेड पडला. पर्वाचे दिवस. म्हातारीचं एकाशन. दिवसातून एकदाच जेवण अन् पाणीही तवाच, तेही देवदर्शन करून, दिवस असेपर्यंत. आता उद्यापर्यंत घोटभर पाणी नाही.
जैन मावळतीनंतर जेवत नाहीत हे मालेगावात शेंबड्या पोरालेही ठाऊक. माझं अर्धं आयुष्य जैनांच्या गल्लीत गेलं. मी सीटा मोजत बसलो!
उतरताना म्हटलं, "माय, चुकलं माझं." तर म्हणते कशी, "तुझं काय चुकलं, आठ आण्याचा मोह मलेच झाला." त्यापेक्षा कानाखाली ओढली असती त बरं.

२३ सप्टें.
पन्नालाल शेठ, ज्यांच्या दुकानासमोर यात्री उतरतात अन् गाडी विचारतात, त्यांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. "देवराव, मानसं मी कोनत्या भरवशावर तुह्याकडे पाठवू?" आजपासून यात्री रशीदकडे.
जीप उभी.

२५ सप्टें.
कुसुमले सगळं सांगितलं. भांडी घासताना ऐकत होती. म्हणे, "मंग तुमी बी पाचले काढा ना. कोनी हात धरला का?"
"रिकामी?"
"रिकामी. लोकायले दिसू तर द्या, हा मानूस पाचले निघते म्हनून."
बाईचं डोकं फिरलं की माझं, कळेना. पण उद्या काढतो.

२६ सप्टें.
पाचले तीन सीटा घेऊन निघालो. पुढे रशीद, मागं मी. त्याच्याकडे पाच. सगळा स्टँड टाळ्या पिटून हसला. पानवाला म्हणे, "वरात हाय का रे?" हसा लेको.

२८ सप्टें.
तिसऱ्या दिवशीही तसंच. दोघंही अर्धे, दोघंही वेळेवर. शिरपूरले उतरलो तवा ऊन होतं. धर्मशाळेत ताटं वाढली होती, माह्या गाडीतल्या दोन म्हाताऱ्या हातपाय धुऊन लगेच पंगतीत बसल्या. मी उभा राहून पाहत राहिलो. पोट माझं भरलं, खरं सांगतो.
दिवस मावळायले आला. इकडे ताटं उचलली, तिकडे अजान झाली. रशीद आज घरी न जाता टेम्पोच्या फळीवर बसला होता, रुमालात खजूर. एक मले दिला. म्हणे, "देवराव, अपन दोनों पागल हैं क्या? आधी-आधी गाडी लेके एक के पीछे एक."
मी म्हटलं, "सुरुवात तूच केली, बारा आण्यानं."
"अन् आठ कोनं केले? माह्या बापानं?"
दोघंही हसलो. मंग तोच बोलला. तो चारले निघणार, मी पाचले. भरो न भरो. भाडं दोघांचं सारखं, रुपया. गठुडं फुकट. मी विचारलं, "पाच तुले नको का?" म्हणे, "चारले निघालो त मी बी घरी दोन घडी पाठ टेकीन. रोज्यात कंबर दुखते, यार." एवढंच कारण. अन् मी त्याले आजपर्यंत शत्रू समजत होतो.

३० सप्टें.
पन्नालाल शेठले जाऊन सांगितलं. ते म्हणे, "बोलनं सोपं हाय. पाहू." पण संध्याकाळी पाचसाठी चार यात्री पाठवले.
स्टँडवर शिव्या. "दोघं एक झाले साले, पुन्हा रुपया केला." खरंच आहे. काय बोलणार? आठ आण्याचे दिवस लोकांचे मजेचे होते, आमचेच मरणाचे.

६ ऑक्टो.
पर्व संपलं तरी पाचले सात सीटा. शिरपूरच्या मास्तरीणबाई आता रोज असतात. म्हणतात, "तुमच्या गाडीवर घड्याळ लावते मी." ऐकून एवढं बरं वाटलं की त्यांच्याकडून पैसे घ्यायचे विसरलो. कुसुमले नाही सांगितलं.

१९ ऑक्टो.
ईद झाली. रशीदच्या घरून शीरखुर्म्याचा डबा आला, बेबीनं अर्धा अंगावर सांडला. रोजे संपले तरी रशीद चारलेच निघतो. पाचची गाडी माहीच.

२२ ऑक्टो.
आज पाचले फक्त दोन सीटा. मास्तरीणबाई अन् एक पोतंवाला. पंधरा मिनिटं थांबलो असतो त चार-पाच आल्या असत्या, समोर अकोल्याची बस लागतच होती. थांबायचा मोह होत होता.
तेवढ्यात ट्रकवाल्या शेठचा माणूस स्टँडवरच आला. "शेठ विचारून राह्यले, येतं का नाही? दसरा आला. नाही त दुसरा पाहतो म्हनते." उद्या किती सीटा येतील ते कोणाले माहीत? शेठचा पगार त पक्का. खोटं काहून लिहू?
हँडल मारून जीप चालू केली. म्हटलं, "शेठले रामराम सांग. मले वेळ नाही. पाच वाजले."
दोन सीटा घेऊन निघालो.