तो प्राणी मिठाला भितो

अण्णा, तुमचा तो प्राणी परवा मी पुन्हा पाहिला, आणि या वेळी इंग्रजी समजून पाहिला. धाकट्याने लॅपटॉपवर लावून दिला. सिनेमा संपल्यावर तो म्हणाला, "आई, खरी मजा तर पुढेच आहे," आणि त्याने मला एक पान उघडून दिलं. तिथे जगभरातली रिकामटेकडी माणसं इतकी वर्षं त्या प्राण्याच्या शरीरावरून भांडताहेत. त्याला डोळे नाहीत, मग माणूस सापडतो कसा? तो नर की मादी? शेकडो वर्षं खड्ड्यात गुडघे दुमडून बसतो, तेव्हा श्वास कशाने घेतो? एकाने तर त्याच्या पोटाचा आडवा छेद काढलाय, आम्ही कॉलेजात गांडुळाचा काढायचो तसा, बाण आणि नावांसकट. जन्मभर जीवशास्त्र शिकवलेली बाई मी, मला हसू आवरेना. तरी दोन तास ते पान वाचत बसले, कारण त्यात मी तुमचं मत शोधत होते. ते कुठेच नव्हतं. मूळ सिनेमात तो प्राणी दिव्यांच्या उष्णतेने जागा होतो, अण्णा. पाण्याचा आणि मिठाचा त्यात काही संबंध नाही. ते सगळं तुम्ही पालमला आपल्या व्हिडिओच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या उभ्या रचलंत.

ती शेड अजून डोळ्यांसमोर आहे. खिडक्यांना पोती ठोकलेली, समोर टेबलावर टीव्ही आणि व्हीसीआर, आणि शेजारी तुम्ही, हातात वेताची छडी घेऊन. इंग्रजी सिनेमाला गर्दी व्हायची ती तुमच्यामुळे. पडद्यावर कोणी चार वाक्यं बोललं, की तुम्ही छडी त्याच्याकडे रोखून सांगायचात, "ह्यो म्हणायलाय, खड्डा उकरू नका, आत कायतरी बसलंय." तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं हे फक्त मला ठाऊक होतं. कॅसेट परभणीहून एसटीने यायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. पण त्या वैशाखात नामांतरावरून बंद पुकारला गेला, गाड्या थांबल्या आणि हा सिनेमा आठ दिवस आपल्याकडेच अडकून राहिला. बाहेर माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, हॉटेलात कोण कुठल्या बाकावर बसतो ते पाहिलं जात होतं. दुपारी मात्र यातलीच बरीच माणसं तुमच्या अंधारात मांडीला मांडी लावून बसायची आणि तोच सिनेमा पुन्हा पाहायची, कारण तुम्ही रोज नवं काहीतरी सांगायचात.

"अण्णा, ह्ये नर हाय का मादी?" कोणीतरी मागून विचारतं.

"मादीच की. नर कशाला इतकी वाट बघत बसंल?"

"आन् इतकी वर्षं खातंय काय?"

"बेडूक काय खातंय उन्हाळाभर भुईत? काय बी न्हाई. वाळून बसतंय. मेलेलं नसतंय ते. पाणी लागलं की उठतंय."

चौथ्या दिवसापर्यंत तुमचं शास्त्र पुरं झालं होतं. उठलेल्या प्राण्याचं तोंड आपल्याच माणसाचं असतं, आवाजही गोड असतो, पण आतलं माणूस गेलेलं असतं. ते अंडी घालायला जागा हुडकतं, आणि त्याला जो मायेने बिलगतो त्याच्यातच ती घालतं. त्यावर उपाय एकच, मीठ. "जळवंला मीठ लावलं की कशी गळून पडती? तसंच ह्ये. मिठात बसीवलं की लय भेतंय, उठत न्हाई," असं तुम्ही छडी टेबलावर आपटून सांगितलंत, आणि शेडमधल्या बाप्यांनीही माना डोलावल्या.

मी दाराशी पोत्यावर बसून हे आठही दिवस ऐकत होते. मी नऊ वर्षांची होते आणि आई जाऊन चारच महिने झाले होते. आपल्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात, एवढंच मला माहीत होतं. मुलींना तिथे नेत नाहीत म्हणून मला शेजारी ठेवलं होतं, आणि आत्याने नंतर समजूत घातली होती, "रडू नगंस, माय ध्यानाला बसलीय." ते मी धरून ठेवलं होतं. आता पडद्यावर खड्डा उकरला जायचा, आत कोणीतरी गुडघे दुमडून बसलेलं दिसायचं, आणि तुम्ही म्हणायचात, मेलेलं नसतंय ते. लोक पाय आखडून घ्यायचे. मी मनात दिवस मोजायचे, मृगाला किती राहिले ते. पाऊस पडला की काळी माती आतपर्यंत भिजणार, आई उठणार, घर शोधत येणार. आणि आई दारात दिसली तर मी काय करणार होते हे मला पक्कं ठाऊक होतं. मी आधी धावत जाऊन तिला बिलगणार होते.

एसटी सुरू होऊन कॅसेट परत गेली त्या दिवशी सकाळीच मी परकराच्या ओच्यात बरणीतलं सगळं खडेमीठ घेतलं आणि गावाबाहेर आपल्या लोकांच्या जागेवर गेले. आईच्या समाधीच्या ओट्याभोवती मी मिठाची रेघ ओढत होते, कुठे फट राहू नये म्हणून वाकून वाकून, तेवढ्यात तुम्ही आलात. कोणीतरी तुम्हाला सांगितलं असणार. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. तुम्ही ते मीठ पाहिलंत आणि तिथे खालीच बसलात. "समाधीत विभूतीसंगं आमी समद्यांनी मूठ मूठ मीठ टाकलं. तुला येऊ दिलं न्हाई. म्हणून तू आणलंस व्हय, बाई?" त्या मुठीची गोष्ट मी तोवर ऐकलीही नव्हती. मी नुसती मान हलवली. तुम्ही मला उचलून घेतलंत आणि मोठ्याने रडलात. आई गेल्यावर तुम्हाला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढे ती मान हलवणं मला कधीच मागे घेता आलं नाही. माझ्या सासरच्या माणसांना, माझ्या मुलांना, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या परक्या माणसालाही तुम्ही सांगितलंत, माझ्या लेकीने नवव्या वर्षी मायेला मीठ दिलं. दर वर्षी आईच्या तिथीला माझ्या हातावर तुम्ही चिमूटभर मीठ ठेवायचात, आणि मी ते वाहायचे. तुमचा प्राणी कुठून आला होता हेही मला फार उशिरा कळलं, अण्णा. बसवलेली, मिठात ठेवलेली, आपलंच तोंड असलेली बाई तुम्ही आठ दिवस लोकांना दाखवत होतात. तुम्हाला ते कळत होतं का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. विचारलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं. तुम्ही गेल्यावर तरी लिहीन म्हटलं, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. पाठवायचं कुठे, हा प्रश्न नाही. तुम्ही समोर असतात तरी हा कागद मी पदराखाली लपवला असता.

एक मात्र राहिलंच. त्या वर्षी मृग चांगला लागला. तीन दिवस मी शाळेच्या दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते. चौथ्या दिवशी पाऊस उघडला, आई आली नव्हती, आणि मला इतकं हलकं वाटलं की घरी येऊन मी दोन भाकरी खाल्ल्या. तुम्ही चुलीपाशी बसून बघत होतात. आत्याला म्हणालात, "सावरली गं पोरगी."