बॉनेटवरची पाच बोटं

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मायनर घरी आली. स्वतःच्या चाकांवर, मी चालवत, इंडस्ट्रियल एरियातून अबू हमूरला आमच्या दारापर्यंत. मागून सोपान पेंटर पिकअप घेऊन, बंद पडली तर ओढायला. पडली नाही. सिग्नलला शेजारच्या लँड क्रूझरमधल्या कतरी गृहस्थाने काच खाली करून बराच वेळ बघितलं. मी सरळ समोर बघत राहिले, जणू रोजचंच आहे. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

रंग सायीचा. सोपानने तीनदा मिसळून आणला, दोनदा मी नापास केला. इतकी वर्षं शाळेत फिजिक्स शिकवल्यावर नापास करायला हात सहज जातो. बजावून गेलाय, "ताई, पंधरा दिस हात लावू नका. पाणी न्हाई, कव्हर न्हाई, काय बी न्हाई. रंग आतनं अजून वला हाय."

तीन वर्षांपूर्वी कतारच्या उत्तर टोकाला, अल रुवैसला, एका म्हाताऱ्या कोळ्याच्या अंगणात सापडली तेव्हा हिच्यात बकऱ्या बांधलेल्या होत्या. मॉरिस मायनर. आपल्या अँबॅसिडरची धाकटी मावसबहीण. एके काळी विलायतेत मास्तर, नर्सबाई, पाद्री, सगळ्यांच्या दारात हीच. आमच्या बाबांच्या मिरजेच्या गॅरेजात एका डॉक्टरांची यायची. पहिला व्हॉल्व्ह मी तिचाच घासला, परकर-पोलक्यात.

७ नोव्हेंबरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. आमचा गट ‘फॅमिली कार’. गेल्या वर्षी नुसती बघायला गेले होते, तर एका कॉर्टिना गाडीवाल्याने विचारलं, गाडी मिस्टरांची का? यंदा पहिला नंबर हवाय. लिहूनच ठेवते. हवाय.

२८ सप्टेंबर, रविवार

सासूबाई ऑगस्टमध्ये नाशिकहून आल्या, नोव्हेंबरपर्यंत आहेत. दुपारी गाडीच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून भाजी निवडतात आणि माझ्याकडे बघतात. गाडीबद्दल चकार शब्द नाही. काल शि.ला म्हणाल्या म्हणे, "हिचे हात बघितलेस का रे? सुनेचे वाटतात का?" शि.ने मला सांगितलं आणि हसला. नवऱ्यांना हसायला काय जातं. टोमणा होता की काय, मला कळलेलं नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, अजून कळत नाही.

इंजिन मात्र आज सुरेख. टिकटिक गेली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

झेंडू आणायला बाहेर गेले होते. तेवढ्यात.

सासूबाईंनी शि.च्या गाडीची पूजा केली, लेकीच्या, इराच्या लॅपटॉपची केली, माझ्या पान्यांच्या पेटीचीही केली. आणि मायनरची. चाकांखाली लिंबं, आरशाला हार, आणि बॉनेटवर मधोमध कुंकवाची पाच बोटं. लवकर पुसलं जाऊ नये म्हणून कुंकू तेलात कालवलेलं.

मी फडकं घेऊन धावले. तेल आलं, लाल रंग आला नाही. ओल्या रंगाने तो पिऊन टाकला होता. पाचही बोटं स्पष्ट, करंगळीचं जरा लहान.

मग मी बोलले. नको ते बोलले. सांगितलं होतं ना हात लावू नका, कळत नाही का, तुमच्या कुंकवापायी माझी तीन वर्षं मातीत गेली, वगैरे. शि. मध्ये पडायला आला, त्यालाही बोलले.

त्या एवढंच म्हणाल्या, "नवी घरात आली. दसऱ्याला तिला तशीच ठेवायची का?"

पुरणपोळी कोणी नीट खाल्ली नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सोपान येऊन बघून गेला. कंपाउंड लावून घासलं. उपयोग नाही, सोलून परत मारावं लागेल म्हणतो. आणि हे साहेब उद्याच्या विमानाने सांगोल्याला, दिवाळी करून नोव्हेंबरच्या मध्याला परत. दुसऱ्या कोणाकडे देणार नाही. ती साय त्याच्या हातची आहे, दुसरा ठिगळ लावून ठेवेल.

जाताना हसत होता. "ताई, माज्या आईनं माज्या पयल्या कंप्रेसरला असंच कुंकू फासलं हुतं. अजून हाय." म्हटलं, बाबा, कंप्रेसरची स्पर्धा नसते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शेडच्या दारातली खुर्ची आत गेली. सासूबाई स्वयंपाकघरात बसून भाजी निवडतात. आमच्याआधी जेवून घेतात, औषधाचं निमित्त. शि. पोस्टमन झालाय. "आई विचारतेय, उद्या उसळ कसली." मी शि.ला सांगायचं, मटकीची. दोघींच्या मधे एक भिंत, तीही पातळ, सगळं ऐकू येतं.

इरा म्हणाली, "इट्स जस्ट पेंट, आई. स्टिकर लाव." शि.ची युक्ती निराळी. प्रदर्शनात गाडीच्या माहितीचा बोर्ड द्यावा लागतो, तो स्टँडवर बरोब्बर बॉनेटसमोर उभा करायचा. दोघेही हुशार. मला दोघांचाही राग आला. का, ते माहीत नाही.

कार्ब्युरेटर उघडून पुन्हा बसवला. हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

पूजा सासूबाईंनी केली. मला कुंकू लावताना क्षणभर थांबल्या, मग लावलं. बघितलं नाही माझ्याकडे.

मीच विचारलं, आई, सात तारखेला प्रदर्शनाला येणार ना?

"मी कशाला? डाग लावणारी बाई."

शांतपणे म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

फराळ आवरताना शि. म्हणाला, तुला माहितीये का, आई रोज फोनवर उषाताईला काय सांगते? (उषाताई म्हणजे माझी नणंद, नाशिकला असते.) सांगते की आमच्या नीलिमाने अख्खं इंजिन सोडवलं, फरशीवर मांडलं, आणि एक स्क्रू उरला नाही, सगळं परत जागच्या जागी. ते हातांचं बोलणंही टोमणा नव्हता. अगं, मिरवत होती ती. तुला आजवर वाटतंय तरी काय?

मला काय वाटतंय. मला वाटतं, तोंडाने सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का? पण मीही कधी म्हटलंय त्यांना, की तुमच्या हातच्या पुरणपोळीसारखी पोळी मला जन्मात जमणार नाही? नाही म्हटलं. एकाच माळेचे मणी आम्ही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सविस्तर लिहायचंय, पण हात दुखतोय.

सकाळी मायनरचं पुढचं दार उघडून हाक मारली. आई, पुढे बसा. मला चोक आणि गिअर दोन्ही बघायचंय, डब्याची पिशवी धरायला माणूस हवंय. त्या आत जाऊन साडी बदलून आल्या. नारळी काठाची, ठेवणीतली. शि. आणि इरा मागे. चौघं जण, पिशवी, फडकी, पाण्याचे कॅन. फॅमिली कार म्हणजे काय ते मला आज कळलं.

मैदानात रांगेने दोन कॉर्टिना, एक मिनी, एक एस्कॉर्ट आणि आम्ही. शि.ने बोर्ड बरोब्बर बॉनेटसमोर उभा केला. मागे जाऊन एक डोळा मिटून खात्री करून घेतली. मी तो उचलला आणि मागच्या चाकापाशी नेऊन ठेवला. शि.ने फडकं घेऊन काच पुसायला घेतली. शहाणा आहे तसा.

परीक्षक उंच, वयस्कर इंग्रज. त्यांची आई सुईण होती, मायनरमधूनच बाळंतपणं करायला जायची. इंजिनात डोकं घालून खूश झाले. हे सगळं कोणी केलं? म्हटलं, मी. पुन्हा विचारलं. पुन्हा म्हटलं, मी. मग बॉनेट खाली केलं आणि बोटं दिसली. विचारलं, पेंट बिघडला का?

मी सांगितलं की हा माझ्या सासूबाईंचा हात आहे. नवं वाहन घरी आलं की दसऱ्याला आमच्याकडे असं कुंकू लावतात. म्हणजे मुद्दाम केलेलं? म्हटलं, हो, मुद्दाम.

त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांना वाटलं, सुनेची कानउघाडणी चाललीय. पुढे आल्या, हात जोडले.

"साहेब, चूक माझी आहे. तिचा नंबर कापू नका. तिने फार कष्ट केलेत हो."

परीक्षकांनी मला विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, शी सेज शी इज व्हेरी प्राउड. खोटं नाही सांगितलं.

नंबर दुसरा. पहिली त्याच कॉर्टिनावाल्याची कॉर्टिना. परीक्षक नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, माफ करा, रंगाचे गुण कापावे लागले, इंजिनाचे सगळ्यात जास्त तुम्हालाच दिलेत. राग आला. भारी राग आला. कॉर्टिनावाला हात मिळवायला आला आणि म्हणाला, युवर कार. नुसतं एवढंच. राग थोडा उतरला.

परतीच्या वाटेवर दुसऱ्या नंबरची ढाल सासूबाईंच्या मांडीवर. पदराने पुसत होत्या. हातात धरून धरून गरम झाली असेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सासूबाई गेल्या. विमानतळावर व्हीलचेअरवाला वाट बघत थांबलेला, आणि यांचं मला सांगणं चाललेलं. लोणच्याची बरणी खालच्या कप्प्यात. इराला दूध. आणि, "तो रंगवाला आला की ते काढून टाक हं. पुढच्या वर्षी पहिला आण."

म्हटलं, बघू.

"बघू नाही. आण."

मी वाकून नमस्कार केला तर माझा हात हातात घेतला. उलटा करून तळवा बघितला. नखांतलं ग्रीस अजून गेलेलं नाही. सोडला, गेल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सोपान परत आला. सांगोल्याची शेंगदाण्याची चटणी आणली. शनिवारी रिकामा आहे, बॉनेट काढून ठेवा म्हणाला, एका दिवसात सोलतो, दुसऱ्या दिवशी मारतो. पुढचं प्रदर्शन अजून वर्षभर लांब, रंग खडखडीत वाळेल. सगळं सोयीचं आहे. कळवते म्हटलं.

दुपारी उषाताईंचा फोन. आई पोचल्या, पाय सुजलेत, बाकी ठीक. अख्ख्या सोसायटीला प्रदर्शनाचा फोटो दाखवून झालाय. दूधवाला सुटला नाही, डॉक्टर सुटले नाहीत. "आमची सून, स्वतः बांधलेली गाडी." मग उषाताई हसत म्हणाल्या, "पण वहिनी, गंमत बघा, फोटो दाखवताना मोबाइल असा धरते, की अंगठा बरोब्बर बॉनेटवर येतो. मी म्हटलं, आई, अंगठा काढ, गाडी दिसत नाहीये. काढत नाही."

हो हो म्हटलं. फोन ठेवला. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते कळलं नाही, भाताचा गिचका झाला.

मग शेडमध्ये गेले. बॉनेटचा जवळून फोटो काढला. फक्त पाच बोटं, करंगळीसकट, बाकी गाडी नाहीच. उषाताईंना पाठवला. लिहिलं, हा आईंना द्या. अंगठा न ठेवता दाखवायला सांगा.

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. नाशिकचं घड्याळ अडीच तास पुढे, त्या वेळी तिकडे सासूबाईंची आरती चाललेली असते.

सोपानला अजून काही कळवलेलं नाही.