मध्यंतरानंतरचं गाणं

धाकटे,

दवाखान्यात ड्यूटीवर लवकर बोलावलंय, म्हणून लिहून जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

परवा भांडी घासताना तू कढईवर ताल धरून गळक्या नळाचं गाणं म्हणत होतीस. कुठलं गं, विचारलं तर म्हणालीस, ‘असेल कुठल्यातरी जाहिरातीतलं.’ मला संशय आला, राहवलं नाही. काल अर्धी रजा टाकून मी तो नळ दुरुस्त करणाऱ्यांचा नाचगाण्यांचा सिनेमा एकटीनं बघून आले. तोच, जो सगळे भिकार म्हणतात म्हणून आपण रविवारी बघणार होतो. तुझं गाणं त्यात अगदी शेवटी आहे.

आजवर आपण दोघी एकाही भिकार सिनेमाला मध्यंतरानंतर थांबलो नाही. ती राजकन्या मोबाईलवरून घोडागाडी मागवते, त्या सिनेमातून तर बाविसाव्या मिनिटाला उठलो होतो. कॅलेंडरवर लाल पेनानं ‘२२’ तूच लिहिलंस, आपला विक्रम म्हणून.

आणि हल्ली तू ज्याच्याबरोबर फिरतेस, त्या दाताच्या डॉक्टरबरोबर अडीच तास बसलीस? तोच असणार, दुसरं कोण! वर ‘छान होता हं’ असंही म्हणाली असशील. मी शेवटपर्यंत बसले ती तुझी चोरी पकडायला. तू कशाला बसलीस?

चांगले सिनेमे त्याच्याबरोबर खुशाल बघ. भिकार तेवढे माझ्यासाठी ठेव.

रविवारची तिकिटं फ्रीजवर आहेत. मी पुन्हा यायला तयार आहे. एकविसाव्या मिनिटाला उठू.

ताई